दमेकऱ्याचा खोकला आणि विसरलेलं नाक

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलं, तर खोकल्याइतकाच आणखी एक आवाज कानावर पडत राहतो. घसा खाकरण्याचा. सोयाबीन निघून गेलेलं असतं, कापसाची वेचणी लागलेली असते, पहाटे गारवा आणि दुपारी चटका असे दिवस असतात. बाकावरची मावशी दर दोन-चार मिनिटांनी खाकरते, आवंढा गिळते, पदराच्या टोकानं नाक पुसते आणि एकदम उबळ येऊन वाकून खोकते. आत गेल्यावर ती सांगते, ‘‘दमा आहे जी मले. पंप घेतो रोज. पण खोकला काही हटत नाही.’’ डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात. छाती बऱ्यापैकी मोकळी असते. खोकल्याची एक बाटली आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून मिळतात. या सगळ्यात नाकाचा विषय कुणाच्याच बाजूनं निघत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, कारण समोर दम्याचा रुग्ण आहे. मावशी सांगत नाही, कारण सर्दी हा तिच्या लेखी आजारच नाही. ती बारा महिने असते.

ही मावशी कुणी एक बाई नाही. वणीत, पुसदला, पांढरकवड्याला, दारव्ह्याला ती रोज भेटते. दमेकऱ्याचा न हटणारा खोकला आणि त्याचं नाक यांचं नातं काय, याचा जगभरच्या डॉक्टरांनी गेली चाळीस-पन्नास वर्षं बराच शोध घेतला आहे. त्यातलं काय टिकलं, काय गळून पडलं आणि कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात त्याचा उपयोग काय, हे इथे एकत्र मांडायचं आहे. माझं मत आधीच सांगून ठेवलेलं बरं: दमेकऱ्याच्या खोकल्याची चौकशी नाकापासून सुरू झाली पाहिजे. पण सगळा दोष नाकावर टाकून पंप बंद करणं ही त्याहून मोठी चूक आहे.

प्रश्न किती मोठा आहे, ते आधी पाहू. भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण असल्याचा २०१९ चा जागतिक अंदाज आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के आपल्याकडे, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे. या दोन आकड्यांतली तफावत उपचार कुठे कमी पडतो ते सांगते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या ८८० गावा-शहरांतल्या डॉक्टरांकडून त्यांच्याकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद घेतली. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार श्वसनमार्गाची होती. दम्याच्या रुग्णांत नाकाची ॲलर्जी किती जणांना असते, हे देशातल्या ११६१ रुग्णांत तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रमाण निघालं सुमारे ६५ टक्के. जगातल्या इतर पाहण्यांत ते ८० टक्क्यांपर्यंतही जातं. उलट बाजूनं पाहिलं तर नाकाची ॲलर्जी असलेल्यांपैकी दहा ते चाळीस टक्क्यांना दमा असतो. म्हणजे दमेकरी समोर बसला की त्याचं नाक बिघडलेलं असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि तरी ते तपासलं जात नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना या नात्याची कल्पना होती. पडसं म्हणजे प्रतिश्याय. त्यातून कास म्हणजे खोकला होतो, आणि खोकला रेंगाळला की माणूस क्षयाकडे जातो, अशी साखळी चरकसंहितेच्या निदानस्थानात सांगितली आहे. युरोपात मात्र शेकडो वर्षं असं मानत होते, की नाकातला शेंबूड मेंदूतून झिरपतो आणि तोच खाली छातीत उतरतो. जर्मनीतल्या विटेनबर्गच्या श्नायडर यांनी सतराव्या शतकात नाकाचं अस्तर बारकाईनं अभ्यासलं आणि शेंबूड त्या अस्तरातच तयार होतो हे दाखवून दिलं. मेंदूचा संबंध संपला. पण वरून खाली ठिबकत उतरणं हे चित्र लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनातून गेलं नाही. खोकल्याबद्दलचा आजचा मोठा वाद याच चित्राभोवती फिरतो.

नाक म्हणजे वास घेण्याची खिडकी एवढाच आपला समज असतो. त्याचं खरं काम चौकीदाराचं आहे. माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. ती हवा नाकाच्या आतल्या वळणदार पडद्यांवरून जाताना गरम होते, ओली होते आणि तिच्यातली बरीच धूळ चिकट अस्तराला लागून अडकते. नाक चोंदलं की माणूस तोंडानं श्वास घेतो आणि ही चौकी ओलांडून कोरडी, थंड, धुळीची हवा थेट श्वासनलिकेत जाते. १९७८ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. दमेकऱ्यांना व्यायाम करायला लावला, एकदा फक्त नाकानं श्वास घेत आणि एकदा फक्त तोंडानं. नाकानं घेतला तेव्हा श्वासनलिका आवळणं जवळजवळ टळलं, तोंडानं घेतला तेव्हा ती आवळली. पहाटेच्या गारव्यात, नाक बंद असताना शेताकडे चालत निघालेल्या माणसाला धुऱ्यावर पोचेपर्यंत उबळ का येते, याचं एक कारण इथे सापडतं.

दुसरं कारण अस्तरात आहे. नाकापासून फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंतचं ओलसर अस्तर एकाच जातीचं आहे. ॲलर्जीची सूज त्यातल्या एका टोकाला आली की दुसरं टोक शांत राहत नाही. नेदरलँड्समध्ये ब्राउनस्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार सुंदर दाखवलं. नाकाची ॲलर्जी असलेल्या, पण दमा नसलेल्या माणसांच्या श्वासनलिकेच्या एका छोट्या भागात त्यांनी ॲलर्जीचा पदार्थ सोडला. चोवीस तासांत नाकाच्या अस्तरात सूज आणणाऱ्या इओसिनोफिल पेशी वाढल्या. नंतर उलटं केलं, पदार्थ फक्त नाकात सोडला. तेव्हा खाली श्वासनलिकेतही त्याच पेशी वाढलेल्या सापडल्या. २००० आणि २००१ सालचे हे दोन अभ्यास. निरोप वरून खाली जातो तसा खालून वरही जातो, आणि तो रक्तातून जातो. त्याला ठिबकण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं १९९९ मध्ये तज्ज्ञांची बैठक भरली आणि २००१ मध्ये ‘आरिया’ या नावानं मार्गदर्शन निघालं. दमेकऱ्याचं नाक तपासा आणि नाकाच्या रुग्णाची छाती तपासा, एवढं त्याचं सार. पंचवीस वर्षं झाली. हा सोपा सल्ला आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांपर्यंत अजून पोचायचा आहे.

आता खोकल्याकडे येऊ, कारण दमा आणि खोकला या एकाच गोष्टी नव्हेत. अनेक दमेकरी फारसे खोकत नाहीत, त्यांना धाप लागते. काहींना धाप अजिबात नसते, शिटीसारखा आवाज नसतो, फक्त कोरडा खोकला असतो, तोही रात्री. हा खोकल्याच्या रूपातला दमा १९७९ मध्ये कोराओ, ब्रामन आणि आयर्विन यांनी वर्णन केला. याच रिचर्ड आयर्विन यांनी पुढे बरीच वर्षं जुन्या खोकल्याचे रुग्ण पद्धतशीर तपासले आणि तीन कारणं वारंवार सापडतात असं दाखवलं: नाकातून घशात उतरणारा स्राव, दमा आणि जठरातलं आम्ल वर येणं. अनेकदा एकाच माणसात दोन किंवा तिन्ही सापडत होती. प्रौढांत आठ आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला जुना समजायचा, मुलांत चार आठवड्यांहून जास्त. पंप घेऊनही खोकला हटत नाही म्हणणाऱ्या मावशीला समजून घ्यायची किल्ली यात आहे. तिचा दमा आटोक्यात असेलही. खोकल्याची दुसरी कळ नाकात दबलेली असू शकते.

पण ही कळ दाबते कशी? इथे विज्ञानानं आपलंच मत बदललं आहे. अमेरिकेतले तज्ज्ञ आधी या प्रकाराला ‘नाकामागचा ठिबकाव’ म्हणत. २००६ मध्ये त्यांनीच ते नाव सोडलं आणि ‘वरच्या श्वसनमार्गाचा खोकला’ असं व्यापक नाव घेतलं. कारण ठिबकण्यानंच खोकला येतो हे सिद्ध होईना. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिलं, की ज्यांच्या नाकातून चक्क पू घशात उतरतो त्यांतल्या बहुतेकांना खोकलाच नसतो. दक्षिण आफ्रिकेत १९९० मध्ये सायनस आणि दमा दोन्ही असलेल्यांच्या गालाच्या सायनसमध्ये किरणोत्सारी खुणेचा द्रव ठेवून तो कुठे जातो ते पाहिलं गेलं. तो नाकामागे दिसला, अन्ननलिकेत दिसला, पोटात दिसला. फुप्फुसात दिसला नाही. झोपेत कफ छातीत उतरतो ही आपल्या घराघरांतली समजूत त्या प्रयोगापुढे टिकली नाही.

मग खरं काय? नाकात काडी घातली तर शिंक येते, खोकला येत नाही. नाकाची संवेदना एका मज्जातंतूनं जाते, खोकल्याची दुसऱ्या. पण दोन्हींचे निरोप मेंदूच्या तळाशी जवळजवळच्या जागी पोचतात. स्लोव्हाकियातल्या मार्टिन इथल्या संशोधकांनी माणसांच्या नाकात हिस्टॅमिन सोडलं आणि मग मिरचीतल्या तिखट द्रव्याची, कॅप्सायसिनची वाफ हुंगायला दिली. नाक चिडलेलं असताना तेवढ्याच वाफेनं जास्त खोकला आला. म्हणजे नाक स्वतः खोकला काढत नाही, ते खोकल्याचा उंबरठा खाली आणतं. मग फोडणीचा ठसका, थंड पाणी, मोठ्यानं हसणं, फोनवर दोन मिनिटं जास्त बोलणं, यातलं काहीही पुरतं. ज्या गोष्टीनं शेजारणीला काहीच होत नाही तिनं या मावशीला ढास लागते. घशात काहीतरी अडकल्याची तिची तक्रार खोटी नसते. अतिसंवेदनशील झालेल्या घशाला रोजची लाळसुद्धा अडकल्यासारखी वाटते. ती खाकरते, खाकरण्यानं घसा आणखी सोलवटतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. मला या सगळ्या वाङ्मयातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते, कारण ती रुग्णाला समजावून सांगता येते.

नाकावर उपचार केला की दमेकऱ्याचा खोकला जातो का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याला हवं तितकं गोड नाही. १९९२ मध्ये कोरेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की परागकणांच्या हंगामात नाकात स्टिरॉइडचा फवारा घेतला तर श्वासनलिकेचा चिडचिडेपणा वाढत नाही. उत्साह वाढला. पुढे असे अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिले तेव्हा चित्र फिकट झालं. जे रुग्ण पंपातून स्टिरॉइड घेत नव्हते त्यांना नाकाच्या फवाऱ्यानं दम्यातही थोडा फायदा दिसला. जे पंप नीट घेत होते त्यांच्या दम्यात त्यानं विशेष भर पडली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २३७ प्रौढ आणि १५१ मुलांना, दमा आटोक्यात नाही आणि नाक-सायनस जुनाट बिघडलेलं आहे अशांना, सहा महिने नाकाचा फवारा किंवा नुसता औषधाविना फवारा दिला. दम्यात फरक पडला नाही.

या निकालाचा अर्थ अनेक जण ‘नाकाकडे बघण्यात अर्थ नाही’ असा लावतात. मला तो पटत नाही. त्या चाचणीत मोजला गेला तो दमा. मावशीची तक्रार खोकल्याची, न येणाऱ्या झोपेची, बंद नाकाची आहे. नाकाचा उपचार नाकासाठी करायचा, त्यानं शिंका आणि चोंदणं कमी होतं हे निर्विवाद आहे, आणि खोकल्याची एक कळ सैल पडते का ते सहा-आठ आठवडे पाहायचं. पडली तर उत्तम. नाही पडली तर फवारा थांबवून दुसरं कारण शोधायचं. दम्यासाठी पंप लागतोच. जागतिक दमा मार्गदर्शनानं २०१९ पासून एक गोष्ट ठामपणे सांगितली आहे: नुसता तात्पुरता आराम देणारा सालब्युटामोलचा पंप हा दम्याचा उपचार नव्हे, त्यासोबत सूज कमी करणारं औषध हवंच. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती आपल्या गावांतून अजून गेलेली नाही, आणि ती बाळगून डेरीफायलीनच्या इंजेक्शनावर किंवा स्टिरॉइडच्या गोळ्यांवर वर्षं काढणारे लोक आहेत. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पंपातली मात्रा कितीतरी कमी. हे एकदा समजलं तर भीती बरीच उतरते.

आता जिल्ह्याकडे पाहू. इथल्या नाकाला आणि छातीला काय काय झेलावं लागतं, याचा विचार केल्याशिवाय परदेशी अभ्यास आपल्या कामाचे होत नाहीत.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. मूर्तिजापूरहून एकेकाळी इथे येणारी शकुंतला रेल्वे कापूस वाहून न्यायलाच बांधली गेली. जिनिंगमध्ये रेच्यावर सरकी वेगळी करताना उडणारं तंतूंचं धुकं ज्यानं पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. कापसाच्या बोंडाभोवतीच्या वाळक्या पाल्यावर जिवाणू असतात, त्यांच्या आवरणातलं विष त्या धुळीत मिसळतं आणि कामगाराची छाती आवळते. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी हा त्रास सगळ्यांत जास्त होतो आणि आठवडा पुढे सरकेल तसा कमी होतो. बिसिनोसिस नावाच्या या आजाराची हीच खूण. त्यामुळे जिनिंगमधल्या दमेकऱ्याला एक प्रश्न विचारायलाच हवा: सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?

सोयाबीनची गोष्ट तर अजून बोलकी आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अचानक एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण झुंडीनं इस्पितळात येत. अशा २६ लाटा नोंदल्या गेल्या. कारण कळेना. शेवटी लक्षात आलं, की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवून कोठारात भरायचे त्या दिवशीच हे घडतं. सोयाबीनच्या सालपटाची बारीक धूळ वाऱ्यावर शहरभर पसरत होती. कोठारांना गाळणी बसवल्यावर लाटा थांबल्या. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत थ्रेशरच्या तोंडाशी माणूस उभा असतो आणि उडणारं कुटार सरळ तोंडावर येतं. पावसात भिजलेलं सोयाबीन असेल तर बुरशीचे कणही त्यात येतात. थ्रेशरवर काम केलेल्या रात्री नाक गच्च होणं आणि पहाटे खोकल्याची उबळ येणं हा शेतकऱ्याला नेहमीचा अनुभव आहे. त्याला तो थकवा म्हणतो.

वणी, राजूर, मुकुटबनकडे कोळसा आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत, आणि त्या रस्त्यांवरून दिवसरात्र ट्रक धावतात. तिथलं नाक ॲलर्जीनं नव्हे, नुसत्या धुळीनं चिडलेलं असू शकतं. तशा नाकावर ॲलर्जीच्या गोळीचा परिणाम कमी होतो, हे लक्षात घ्यायला हवं. धुऱ्या-बांधांवर, रस्त्याच्या कडेला गाजरगवत आहे. त्याच्या परागानं नाकाची ॲलर्जी होते, हे बंगळूरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. आणि घरात पऱ्हाटी-तुराट्यांची चूल. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरोघरी गेलं, पण पऱ्हाटी शेतातून फुकट मिळते आणि सिलिंडर भरायला पैसे लागतात. त्यामुळे आंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून चुलीवर होते. धुरानं आधी नाक आणि डोळे चुरचुरतात, मग छाती.

फवारणीबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांचा परिणाम म्हणून नाक गळतं, डोळ्यांतून पाणी येतं, तोंडाला लाळ सुटते, छाती आवळते, खोकला येतो. दमेकऱ्यात हे चित्र नेहमीच्या दम्यासारखंच दिसतं. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नाक गळून धाप लागली, सोबत घाम, उलट्या, पोटात मुरडा, धूसर दिसणं यांतलं काही असेल, तर ती सर्दी समजून घरी बसू नये. त्याच पावली दवाखाना गाठावा आणि फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्यावी.

खोकल्याच्या प्रत्येक रुग्णात नाक शोधताना काही गोष्टी निसटता कामा नयेत. आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे आधी थुंकीची क्षयासाठी तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. ‘हिला दमा आहेच’ म्हणून ती टाळणं धोक्याचं आहे, दमेकऱ्यालाही क्षय होतो. विदर्भ हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. त्या जंतूला शरीर तीव्र प्रतिक्रिया देतं तेव्हा रात्रीचा खोकला आणि दम्यासारखी घरघर होते, रक्तात इओसिनोफिल फार वाढलेले सापडतात. त्याचं औषध वेगळं आहे, स्वस्त आहे, तीन आठवड्यांचं आहे. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू असेल तर त्या गोळीनंच कोरडा खोकला होऊ शकतो. आणि दमेकऱ्याला वास येत नसेल, नाक सतत बंद असेल, तर नाकात कोंब वाढले आहेत का ते पाहावं. असे कोंब आणि दमा असलेल्या काही जणांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जीवघेणा झटका येतो. फ्रान्समध्ये १९२२ मध्येच हे त्रिकूट ओळखलं गेलं होतं. दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर संध्याकाळी किराणा दुकानातून अंगदुखीची गोळी घेणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहिलं.

नाक तपासायला मोठं यंत्र लागत नाही. विचारायची रीत मात्र बदलावी लागते. ‘सर्दी होते का?’ असं विचारलं तर मावशी नाही म्हणते, कारण तिच्या मते सर्दी म्हणजे ताप-कणकणीसह येणारी. त्यापेक्षा विचारावं: सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात का, एकामागून एक? एक नाकपुडी बंद असते का, कूस बदलली की दुसरी? घशात काही उतरतंय असं वाटतं का? सकाळी तोंड कोरडं पडतं का? भाजी करपल्याचा वास येतो का? मग टॉर्च. नाकाच्या आतले पडदे फिकट, सुजलेले दिसतात. घशाची मागची भिंत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दाणेदार दिसते. सतत नाक वर चोळणाऱ्या मुलाच्या नाकाच्या शेंड्याजवळ आडवी सुरकुती पडलेली असते, डोळ्यांखाली काळसर झाक असते. हे सगळं दोन मिनिटांत होतं.

फवारा लिहून दिला की काम झालं असं नाही. बहुतेक जण मान मागे टाकतात, बाटली सरळ वर धरून दाबतात आणि जोरात ओढतात. औषध थेट घशात जातं, कडू लागतं, आणि ‘हे औषध पोटात गेलं’ म्हणून चौथ्या दिवशी बाटली बाजूला पडते. मान किंचित खाली झुकवायची. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत टोक घालायचं, म्हणजे ते आपोआप कानाच्या बाजूला वळतं, मधल्या पडद्यावर आदळून रक्त येत नाही. हलका श्वास, वास घेतल्यासारखा. रोज. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात, हे पहिल्या दिवशीच सांगितलं तर बाटली बाजूला पडत नाही. एक बाटली घ्यायला मजुराला दिवसाच्या मजुरीचा हिशेब करावा लागतो. म्हणूनच ती नीट वापरली गेली पाहिजे.

नाक मोकळं करणारे थेंब हा वेगळा प्रकार आहे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांनी नाक मिनिटांत उघडतं. पण आठवड्याहून जास्त घेतले तर उलट नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं, आणि वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसं आहेत. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. मॉन्टेलुकास्ट आणि ॲलर्जीची गोळी एकत्र असलेलं औषध आपल्याकडे फार सहज लिहिलं जातं. त्यातल्या मॉन्टेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा दिला: भीतिदायक स्वप्नं, उदासी, वागण्यात बदल दिसले तर ते थांबवावं. आई-बापांना हा इशारा कुणीतरी सांगायला हवा. आणि मुलांची सर्दी-खोकल्याची सिरपं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपानं मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या इस्पितळांत दगावली. नागपूर इथून दीडशे किलोमीटर आहे. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यात ही सिरपं फारसा गुण देत नाहीत हे आधीच माहीत होतं. त्या घरांतल्या आयांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जवळच सेवाग्राम आणि सावंगी आहेत. कुठल्याही मोठ्या रुग्णालयात छातीचा विभाग एका मजल्यावर असतो आणि कान-नाक-घशाचा दुसऱ्या. आठवड्यातून एक दिवस या दोन विभागांनी दम्याचे रुग्ण एकत्र पाहिले, आणि मळणी-वेचणीच्या तीन महिन्यांत रुग्णाचं काम, गाव, नाक आणि खोकला यांची एका वहीत नोंद ठेवली, तर या जिल्ह्याचं स्वतःचं उत्तर दोन वर्षांत हाती येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही.

तोवर दमेकऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे. पंप बंद करू नका. थ्रेशरवर आणि जिनिंगमध्ये नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा, नुसता दुपट्टा बारीक धूळ अडवत नाही. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा: सकाळी किती शिंका येतात, कोणती नाकपुडी बंद राहते, फोडणीचा वास येतो की नाही, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या कामानंतर खोकला वाढतो.